किटकॅटपासून कुलपापर्यंत

कारखान्यातल्या जुन्या वायरमनांची एक पद्धत होती. मोटार दुरुस्तीला घेतली की मेन स्विच पाडायचा, चिनीमातीचे तिन्ही किटकॅट फ्यूज उपसायचे आणि खिशात टाकूनच कामाला बसायचं. फ्यूज आपल्याजवळ असेपर्यंत लाइन दुसऱ्या कुणाच्या हातची नाही, हा त्यामागचा हिशेब.

कायदाही तेच सांगत होता. 1956च्या भारतीय वीज नियमांतला 36वा नियम म्हणत होता की तारेला किंवा यंत्राला हात लावण्याआधी अर्थिंग करून वीज उतरवा आणि माणूस काम करत असताना ती चुकूनही पुन्हा येणार नाही याची तजवीज करा. वीज मंडळाच्या लाइनमनसाठी ही तजवीज म्हणजे परमिट: आधी परवानगी, मग लाइन तोडणारा एबी स्विच उघडून लाइनला अर्थिंग, त्यानंतरच खांबावर.

कारखान्यात मात्र मधल्या काळात एक गोष्ट निसटली. किटकॅटच्या जागी एमसीबी आले. शॉर्टसर्किटच्या दृष्टीने ते चांगलेच, पण खिशात टाकायला काही उरलं नाही. खटका कुणीही वर करावा! उरली ती ‘काम चालू आहे’ची पाटी, आणि पाटीने कुणाचा हात अडत नाही.

1989 साली अमेरिकेत कुलूप आणि टॅगचा नियम झाला. पुढे परदेशी कंपन्यांबरोबर ही पद्धत आपल्या एमआयडीसींतही आली. एकच ब्रेकर पाडून चौघे काम करत असतील तर त्या ब्रेकरला कुलपं चार, चाव्या चौघांकडे. शेवटचं कुलूप निघेपर्यंत मशीन बंद. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की हेल्परचं कुलूप मॅनेजरच्या कुलपाइतकंच वजनदार ठरतं.

कुलूप लावलं म्हणजे वीज गेली, असं मात्र नाही. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग बंद लाइनवर लावायचा आणि पुन्हा चालू लाइनवर. आता तर जनरेटर, इन्व्हर्टर, छतावरचं सोलर अशा वाटांनी उलटा सप्लाय येतो. मोटारीचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये मेन पाडल्यावरही काही मिनिटं जीवघेणं व्होल्टेज राहतं.

केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम 2010मध्ये आले, 2023मध्ये नवे झाले. तरी अनेक ठिकाणी कुलूप फक्त कायम कामगाराला मिळतं. कारखानदारांना माझी विनंती आहे: ठेकेदाराच्या माणसाला गेटवर हेल्मेट देता, त्याच वेळी त्याच्या नावाचं कुलूपही द्या, आणि चावी सुपरवायझरकडे नव्हे, त्याच्याकडेच राहू द्या.