मैदानावरचा 'कच्चा लिंबू'

लगोरी खेळताना पायाने अधू असलेल्या मुलाला आपण सहज म्हणतो, 'तू कच्चा लिंबू!' तो मैदानात असतो, पण आऊट होत नाही. म्हणजे खरं तर तो खेळातच नसतो, आणि हे त्याला बरोब्बर कळतं बरं का!

म्हणून शाळेच्या क्रीडा मंडळात त्याचं नाव घालण्याआधी खेळ बदला. लगोरी जमिनीऐवजी बाकावर रचा. नेम सगळ्यांनीच बसून धरायचा. लगोरी फुटली की समोरच्या गटाने पळायचं नाही, चेंडू हातोहात फिरवायचा. तो फिरून येईपर्यंत लगोरी रचायची. दृष्टिहीन मूल असेल तर खुळखुळणारा चेंडू घ्या. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, तसा. रचायला उशीर झाला तर डाव गेला, त्याचाही!