निर्बंधांचा धाक आणि लासलगावचा कांदा

संकेतार्थी वाक्याला दोन अंगे असतात : ‘जर’ आणि ‘तर’. राष्ट्राराष्ट्रांतील आर्थिक निर्बंध धाक म्हणून वापरावयाचे, तर त्यांची रचना अशीच असावी लागते. अट स्पष्ट हवी. ती पाळल्यास निर्बंध उठतील अशी खात्री हवी. आणि निर्बंध घालणारा स्वतःचे नुकसान दीर्घकाळ सोसू शकेल, असा समोरच्या पक्षाचा विश्वासही हवा. यांपैकी तिसऱ्या गोष्टीचा विचार येथे प्रामुख्याने कर्तव्य आहे.

पोर्तुगिजांनी गोवा सोडावा, या अटीसाठी भारताने १९५४ पासून गोव्याची आर्थिक कोंडी आरंभिली. १९५५ मध्ये रेल्वेचा दुवाही तुटला. अन्नधान्य व भाजीपाला यांसाठी गोवा भारतावर अवलंबून होता, तरी सालाझारची राजवट नमली नाही. माल समुद्रमार्गे अन्य देशांतून येऊ लागला आणि लोह व मँगनीज खनिजांच्या निर्यातीने गोव्याला हात दिला. प्रश्न सुटला तो डिसेंबर १९६१ मध्ये, लष्करी कारवाईने. मात्र भारताच्या एकूण व्यापारात गोव्याचा वाटा किरकोळ असल्याने कोंडी घालणाऱ्याची कसोटी तेथे फारशी लागली नाही. विकणारा आणि घेणारा दोघेही परस्परावलंबी असले म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे तर नाशिक जिल्ह्यातील कांद्याच्या बाजाराकडे वळावे लागते.

कांद्याची निर्यातबंदी हा निर्बंध नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. तिचा हेतू देशातील भाव आवरण्याचा. परराष्ट्राला वठणीवर आणण्याचा नव्हे. तिच्यात ‘तर’ आहे, ‘जर’ नाही. पण ग्राहक राष्ट्रावर पडणारा ताण दोहोंत सारखाच असतो, आणि म्हणूनच हे उदाहरण उद्बोधक ठरते.

भारतीय कांद्याचा वर्षानुवर्षे सर्वांत मोठा ग्राहक बांगलादेश. २९ सप्टेंबर २०१९ रोजी बंदी आली आणि नोव्हेंबरात तेथील भाव किलोला २०० टाक्यांच्या वर गेला. तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी ऑक्टोबरातील दिल्लीभेटीत, आपण स्वयंपाक्याला कांदा वगळावयास सांगितल्याचे हसत सांगितले. पूर्वसूचना मिळाली असती तर बरे झाले असते, असेही सुचविले. विनोदाआडची ती तक्रारच होती. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा अशीच अचानक बंदी आली. सीमेवर मालमोटारी अडकून पडल्या आणि ढाक्याने लेखी नाराजी कळविली. दरम्यान त्या देशाने तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार, पाकिस्तान, चीन असे पर्याय चाचपले होते, आणि घरच्या लागवडीलाही उत्तेजन दिले होते.

आता विकणाऱ्याची बाजू. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो. लाल कांदा टिकत नाही. ८ डिसेंबर २०२३ ची बंदी नेमकी लाल कांद्याच्या हंगामात आली. भाव सुधारेपर्यंत थांबण्याची सोयच नसल्याने शेतकऱ्याला पडेल त्या भावाने माल द्यावा लागला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात ४० टक्के निर्यातशुल्क लागताच लासलगावसह जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले होते. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, शुल्क राहिले. २० मे रोजी मतदान झाले आणि दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. त्या निकालाची कारणे अनेक असतील. पण कांदा त्यांपैकी एक होता, याविषयी जिल्ह्यात फारसे दुमत नाही.

या घडामोडी ग्राहक राष्ट्रही पाहत असते. विकणाऱ्याच्या घरातच आठवडाभरात लिलाव बंद पडतात, हे एकदा दिसले की पुढच्या बंदीची मुदत त्याला अजमावता येते. उद्या एखाद्या सरकारने याच मालाला खरोखरीची अट जोडली, तर तिचे वजन या पूर्वानुभवाने आधीच घटलेले असेल. शिवाय प्रत्येक बंदीगणिक अवलंबन स्वतःच झिजत जाते, आणि धाकाचे भांडवल तर तेच.

१ एप्रिल २०२५ पासून भारताने निर्यातशुल्कही पूर्णपणे उठविले. त्या वर्षी मात्र काही महिने बांगलादेशानेच, आपल्या शेतकऱ्यांच्या हितासाठी, भारतीय कांद्याच्या आयातीचे परवाने रोखून धरले.