घरबसल्या ‘नैसर्गिक’ वस्तूंचा धंदा : आयडी लावण्याआधी वही उघडा

“घरबसल्या महिन्याला पंधरा-वीस हजार कमवा” हा मेसेज आता अनोळखी नंबरवरून येत नाही. तो मावसबहिणीकडून येतो, कॉलेजच्या मित्राकडून येतो, विहारात शेजारी बसणाऱ्या उपासिकेकडून येतो. सोबत बाटल्यांचे फोटो असतात. भांडी घासायचे लिक्विड, फरशीचे क्लिनर, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट. सगळे नैसर्गिक, सगळे ‘केमिकल फ्री’. आपण फक्त आयडी लावायची, स्वतः वापरायचे, चार लोकांना सांगायचे.

वस्त्यांमध्ये काम करताना बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न मला सतत विचारला जातो : यात पडावे की नाही? विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, घरकाम किंवा कंत्राटी काम करणाऱ्या बाया, ज्यांना संध्याकाळचे दोन तास सत्कारणी लावायचे आहेत. दुसरे, स्पर्धा परीक्षेची तीन-चार वर्षे वाया गेलेली मुले-मुली, ज्यांना “नोकरी कुणाची करायची नाही” हे वाक्य फार आवडते. दोघांकडेही बुडवायला पैसे नसतात. पहिल्या मालासाठीचे पैसे बहुतेक वेळा बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून नाहीतर मायक्रोफायनान्समधून उचललेले असतात. त्यामुळे “करून तर बघ, काय जाते” हा सल्ला इथे चालत नाही. हप्ता जातो.

माझे मत आधीच सांगतो. अशा प्रत्येक कंपनीला सरसकट फसवी म्हणणे चूक आहे. थेट विक्री हा आपल्या देशात कायदेशीर व्यवसाय आहे. पण बहुतेकांना जो धंदा समजावून सांगितला जातो तो विक्रीचा नसतोच. बाटली विकणे हा एक धंदा आणि माणूस जोडणे हा दुसरा. दोन्ही एकाच पिशवीत घालून आपल्यासमोर ठेवले जातात. मूल्यमापन करायचे म्हणजे आधी हे दोन वेगळे करायचे.

वेगळे करण्याची कसोटी साधी आहे : ज्याला या योजनेत सभासद व्हायचे नाही, कमिशन नको, असा माणूस ही वस्तू या किमतीला पुन्हा पुन्हा विकत घेईल का? ही कसोटी मी शोधलेली नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ मध्ये अॅमवेच्या खटल्यात कंपनीला पिरॅमिड ठरवले नाही, त्यामागे कंपनीचे काही नियम होते. विक्रेत्याने घेतलेल्या मालापैकी ७० टक्के माल विकलेला असला पाहिजे, महिन्याला किमान १० किरकोळ ग्राहक दाखवले पाहिजेत आणि न विकलेला माल परत घेतला गेला पाहिजे. (त्याच निकालात कमाईचे फुगवलेले दावे आणि किमती ठरवून देण्याच्या पद्धतीबद्दल कंपनीला दोषही दिला होता, पण मिटिंगमध्ये तेवढे कोणी सांगत नाही.) पुढे २०१६ मध्ये हर्बालाइफला याच आयोगाशी समझोता करून २० कोटी डॉलर भरावे लागले आणि विक्रेत्यांचा मोबदला खऱ्या किरकोळ विक्रीशी जोडण्याचे मान्य करावे लागले. जो तुम्हाला प्लॅन दाखवतो त्याला विचारा : तुझे बाहेरचे, आयडी नसलेले दहा ग्राहक कोण? दहा नावे न अडखळता आली तर पुढे ऐका.

आता वही. समजा एका ताईने महिन्याला ६,००० रुपयांचा माल बाहेर विकला. नवख्या माणसाला हे सोपे नाही, पण धरून चालू. छापील किमतीवर २० टक्के नफा धरला तर १,२०० रुपये. कंपनीकडून बोनस २०० रुपये. एकूण १,४००. यातून बस-रिक्षाचे ३००, नमुन्यांचे १५०, मिटिंगचे तिकीट आणि चहापाणी २०० वजा केले की उरतात ७५०. इथपर्यंत वाईट नाही. पण आयडी ‘अॅक्टिव्ह’ ठेवायला तिला दरमहा स्वतःसाठी १,५०० रुपयांचा माल घ्यावा लागतो. पूर्वी तिच्या घरात साबण-पावडरीवर ६०० रुपये जात होते. म्हणजे ९०० रुपये जादा. ७५० मधून ९०० गेले की ताई १५० रुपयांनी तोट्यात आहे. शिवाय आठवड्याचे आठ-दहा तास गेले आणि उधारी वेगळीच. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे असतील. पण बेरीज-वजाबाकी हीच असेल, आणि ती कोणत्याही सेमिनारमध्ये फळ्यावर मांडली जात नाही. तिथे फक्त मिळालेला चेक दाखवतात, त्यासाठी खर्च किती झाला ते नाही.

बघा, या हिशेबात तोटा कुठे आला? विक्रीत नाही, स्वतःच्या खरेदीत आला. ‘स्वतः वापरा’ हे वाक्य म्हणूनच महत्त्वाचे आहे. विक्रेताच ग्राहक झाला की कंपनीचा माल खपतो, विक्रेत्याला मात्र आपण धंदा करतो आहोत असे वाटत राहते.

मग उत्तर येते, “ताई, खरा पैसा टीममध्ये आहे.” हेही मांडून पाहू. प्रत्येकाने सहा जण जोडायचे. पहिल्या लेव्हलला ६, दुसऱ्याला ३६, तिसऱ्याला २१६, चौथ्याला १,२९६. सहाव्या लेव्हलला ४६,६५६. आठव्याला १६ लाख ७९ हजारांवर. नवव्या लेव्हलला १ कोटी ७७ हजारांहून जास्त माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्धांची लोकसंख्या सुमारे ६५ लाख आहे, तान्ह्या बाळांसकट. म्हणजे नववी लेव्हल भरायच्या आत आपला सगळा समाज संपला. आणि कोणत्याही क्षणी सर्वांत खालची ओळ ही वरच्या सगळ्या ओळींच्या बेरजेपेक्षा मोठी असते. तिच्याखाली कोणी नसते. बहुसंख्य लोकांनी ‘मेहनत केली नाही’ म्हणून ते तळाला राहतात असे नाही, रचनाच तशी आहे.

वस्तूकडेही नीट पाहायला हवे, कारण अनेक जण खरोखर वस्तूच्या प्रेमात पडून आत जातात. ‘केमिकल फ्री’ या शब्दाला अर्थ नाही. पाणीही रसायनच आहे. फेस आणणारे घटक बहुधा नारळाच्या किंवा पाम तेलापासून बनतात हे खरे, पण ते कारखान्यात रासायनिक प्रक्रिया होऊनच बाटलीत येतात, बाजारातल्या स्वस्त लिक्विडमध्येही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाबाबतच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ‘नैसर्गिक’, ‘इको-फ्रेंडली’ असे मोघम शब्द वापरायचे तर त्याला पुरावा आणि खुलासा हवा, असे त्यात आहे. तेव्हा लेबल वाचा. घटक लिहिलेत का, उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष, वजन आणि एमआरपी आहे का. ‘याने मधुमेह जातो’ असे कोणी क्लिनरसोबतच्या पावडरीबद्दल सांगत असेल तर थेट उठून या. अशा जाहिरातीला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे.

आणि तो आयोडिनचा प्रयोग! ग्लासातल्या पाण्यात आयोडिन टाकून लाल करायचे, मग ‘आपले’ प्रॉडक्ट घालायचे, पाणी स्वच्छ. टाळ्या. क जीवनसत्त्व आयोडिनचा रंग घालवते. लिंबू पिळून बघा, दहा रुपयांत तोच चमत्कार होतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमात आपण बुवांचे असे प्रयोग उघडे पाडतो. इथे मात्र बुवाच्या अंगावर टाय असतो, म्हणून हात वर करून प्रश्न विचारायला लाजतो.

किमतीच्या बाबतीत एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. दाट लिक्विडची बाटली महाग दिसली तरी थेंबभर पुरत असेल तर ती स्वस्तही पडू शकते. म्हणून बाटलीची किंमत न बघता ती किती दिवस पुरली ते बघा. एक महिना हे, एक महिना नेहमीचे. कॅलेंडरवर तारीख टाकली की वाद मिटतो.

कायदा काय म्हणतो हे कार्यकर्त्यांना पाठ असले पाहिजे. १९७८ च्या प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) कायद्याने पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी आहे. ती फक्त चालवणाऱ्यावर नाही, सभासद होणाऱ्यावर आणि भाग घेणाऱ्यावरही आहे. “मी तर फक्त दोघांना जोडले” हा बचाव होत नाही. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट केले की प्रवेश फी घेता येत नाही आणि नुसते माणूस जोडल्याबद्दल मोबदला देता येत नाही. २८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम आले. त्यानुसार पिरॅमिड योजना चालवायला मनाई आहे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय कोणाच्या घरी जायचे नाही. नव्या माणसाला पुस्तके किंवा डेमो किट विकत घ्यायला लावायचे नाही. “सरकारमान्य आहे” म्हणून जो जीएसटी क्रमांक किंवा कंपनी नोंदणीचा कागद दाखवतात तो परवाना नव्हे, तो कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडेही असतो. आणि कंपनी मोठी आहे म्हणून प्रश्न संपत नाही. एप्रिल २०२२ मध्ये ईडीने पिरॅमिड पद्धतीच्या फसवणुकीचा आरोप ठेवून अॅमवे इंडियाची ७५७.७७ कोटी रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली होती. तो आरोप आहे, निकाल नाही, पण मिटिंगमध्ये विचारण्यासारखा विषय नक्कीच आहे.

आता ज्या गोष्टीची मला जास्त काळजी वाटते तिच्याकडे येतो. निकोल बिगार्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये थेट विक्रीच्या संस्थांवर ‘करिश्मॅटिक कॅपिटॅलिझम’ नावाचे पुस्तक लिहिले. नाती आणि जिव्हाळा यांनाच या संस्था कामाला कसे जुंपतात, हा त्यातला मुख्य मुद्दा. आपल्याकडे हे दुप्पट लागू पडते. वस्तीत बँक पत देत नाही तेव्हा शेजारीण देते. दवाखान्यात रात्री कोण येणार, मुलीच्या फीला कोण पाच हजार देणार, हे ‘जय भीम’ म्हणणाऱ्या माणसांवरच्या भरवशावर चालते. आमच्या एका बचत गटात एका कंपनीच्या प्लॅनमुळे आधी माल आला, मग उधारी, मग दोघींचे बोलणे बंद झाले, आणि सहा महिन्यांत गटाची बैठकच भरेनाशी झाली. पैसे फार बुडाले नव्हते. गट बुडाला. तो उभा करायला सात वर्षे लागली होती.

सम्यक आजीविकेची चर्चा आपण शस्त्र, मद्य, विष अशा निषिद्ध व्यापारांपाशी थांबवतो. मज्झिम निकायातल्या महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविकेची लक्षणे दिली आहेत. त्यात कपट, गोड बोलून गळ घालणे आणि लाभातून आणखी लाभ ओढण्याची हाव येते. साबण विकणे त्यात बसत नाही. बहिणीला न परवडणारे किट स्वतःची लेव्हल वाढावी म्हणून गळ्यात मारणे बसते की नाही, याची चर्चा धम्मवर्गात व्हायला हरकत नाही. निदान वंदनेनंतर विहारात प्लॅन दाखवायला परवानगी द्यायची का, हा ठराव तरी समितीने करावा.

मग कोणी करू नये का? ज्याला विक्री आवडते, ज्याचे दहा-पंधरा कायमचे ग्राहक होऊ शकतात, जो कर्ज काढत नाही, घरात साठा करत नाही आणि कोणाला जोडल्याशिवायही महिन्याला चार पैसे शिल्लक दाखवू शकतो, त्याने करावे. तो जोडधंदा आहे, करिअर नाही. तेवढ्याच श्रमात गटाने फिनाईल, भांड्यांचे लिक्विड किंवा रिठ्याची पावडर स्वतः बनवून विकली तर नफा वर कोणाकडे जात नाही. अर्थात तिथेही दर्जा, लेबल आणि बाजार सांभाळावा लागतो, ते काही जादूने होत नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ यांच्या तालुका पातळीवरच्या कार्यालयांत याची चौकशी करता येते.

जे आधीच आत आहेत त्यांनी घाबरून सगळे सोडू नये, पण नवा माल उचलणे आजच थांबवावे. करारात कूलिंग-ऑफची मुदत आणि माल परत घेण्याची अट किती दिवसांची आहे ते बघा आणि परत करायचा माल सील न फोडता ठेवा. परतीची मागणी फोनवर न करता ईमेलने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा, अपलाइनकडे नाही. तो अधिकारी नेमणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पैसे फिरवण्याचाच प्रकार असेल तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जावे लागेल. एकट्याने जाण्यापेक्षा त्याच प्लॅनमधले पाच-सहा जण मिळून गेलात, प्रत्येकाची बिले आणि मेसेजचे स्क्रीनशॉट सोबत नेले, तर तक्रार टाळणे अवघड होते.