टीव्हीवरची मिस्सा पाहिली, तर रविवार पाळला जातो का?

चर्चला जाणं शक्य नसलेल्या आजी-आजोबांना रविवारी टीव्ही किंवा मोबाईलवर मिस्सा लावून दिली जाते. लॉकडाऊनमध्ये तर सगळ्यांनाच त्याची सवय झाली. तरी अनेकांच्या मनाला टोचणी राहते, चर्च चुकलं, पाप तर लागलं नाही ना?

नाही लागलं. १९८३ च्या चर्च कायद्यातील कलम १२४७ नुसार रविवारची मिस्सा बंधनकारक आहे; पण आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल अशा गंभीर कारणाने जाता येत नसेल, तर ते बंधन लागू होत नाही. त्यामुळे पडद्यावरची मिस्सा चर्चची जागा घेत नसली, तरी आजारी माणसाला त्याची चिंता नको. धडधाकट माणसाने मात्र सोफ्यावर बसून 'झाली मिस्सा' म्हणू नये.

पडद्यावरून मिळत नाही ते कम्युनियन. ते फादर किंवा नेमलेले सेवक घरी आणून देऊ शकतात, फक्त पॅरिशमध्ये कळवावं लागतं. टीव्ही लावून दिला की आपलं काम संपलं, असं समजणाऱ्या घरांत नेमकं हेच राहून जातं.

प्रथा तशी जुनीच. पॅरिसच्या नोत्र दाममधून १९४८ च्या नाताळची मध्यरात्रीची मिस्सा टीव्हीवर दाखवली गेली होती. पुढे १९५८ मध्ये पोप पायस बारावे यांनी असिसीच्या संत क्लारा यांना टीव्हीच्या आश्रयदात्या संत ठरवलं. कारण गमतीचं आहे: आजारी असताना त्यांना खोलीतूनच चर्चमधली मिस्सा दिसली, अशी आख्यायिका आहे.