मन : मुळातच एक क्रिया

कुकर लावलेला आहे, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा आहे. तेवढ्यात फोन वाजतो. बोलणं दोन मिनिटांचंच, पण फोन ठेवल्यावर प्रश्न पडतो, शिट्ट्या किती झाल्या? कान उघडे होते, स्वयंपाकघर चार पावलांवर होतं, शिट्टी शेजारच्या घरातही ऐकू गेली असणार. आपल्याला मात्र आली नाही. कुणी विचारलं तर आपण सहज सांगतो, ‘माझं मन तिकडे नव्हतं.’

बृहदारण्यक उपनिषदात हेच निरीक्षण आहे. मन दुसरीकडे असेल तर समोरचं दिसत नाही, कानावर पडलेलं ऐकू येत नाही. त्याअर्थी पाहणारं आणि ऐकणारं मनच, असा तिथला युक्तिवाद. काळ बदलला, कुकर आला, फोन आला, शब्द तोच राहिला. तो आला कुठून?

संस्कृतात ‘मन्’ हा धातू आहे. अर्थ विचार करणं, मानणं. ‘वच्’पासून जसं ‘वचस्’, तसं ‘मन्’पासून ‘मनस्’ हे नाम झालं. मराठीने शेवटचा ‘स्’ टाकला, पण नपुंसकलिंग जपलं. आपण ‘ते मन’ म्हणतो. हिंदीत मन पुल्लिंगी झालं. या जन्मकथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. काळीज किंवा यकृत हे शब्द शरीरातल्या वस्तूंची नावं आहेत. मन हे वस्तूचं नाव नाही, ते एका क्रियेतून जन्मलेलं नाव आहे.

दूरदूरचा गोतावळा

मत, मती, मनन, मंत्र, संमती, मीमांसा ही सगळी याच धातूची लेकरं. पण कुटुंब भारतापुरतं नाही. 1786 मध्ये कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असं मांडलं आणि अशा नात्यांचा पद्धतशीर शोध सुरू झाला. इंग्रजीतला ‘माइंड’ आपल्या मनाचा भाऊबंद. जुन्या इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ होता आठवण. ‘मेंटल’ लॅटिनमधून आला. वर्गातल्या ‘मॉनिटर’चं मूळ विचार करायला लावणाऱ्या, बजावणाऱ्या लॅटिन क्रियापदात आहे. ग्रीकमधून आलेल्या ‘ऑटोमॅटिक’मधला ‘मॅट’ तर आपल्या ‘मत’चा सख्खा भाऊ. ऑटोमॅटिक म्हणजे स्वतःच्या मताने चालणारं.

इराणकडची नाती आणखी जवळची. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात ‘वोहू मनह’, म्हणजे चांगलं मन, ही दैवी शक्ती आहे. त्यातूनच ‘बहमन’ हे नाव घडलं. 1347 मध्ये दख्खनेत राज्य स्थापणाऱ्या सुलतानाने बहमन या प्राचीन इराणी राजाचं नाव लावलं, म्हणून ती बहमनी सल्तनत. याउलट ‘दुश्मन’ म्हणजे मुळात वाईट मनाचा; संस्कृतातला ‘दुर्मनस्’ त्याचा जुळा. वैर मनात सुरू होतं, हे त्या शब्दातच कोरलेलं आहे.

सारखे दिसणारे सगळेच शब्द मात्र नातलग नसतात. ‘मनाई’ अरबीतून आली, तिचा मनाशी संबंध नाही.

कमळाच्या शंभर पाकळ्या

हे मन काम कसं करतं, याचा काटेकोर विचार न्यायदर्शनाने केला. एका वेळी अनेक ज्ञानं उपजत नाहीत, ही मनाच्या अस्तित्वाची खूण, असं न्यायसूत्रांत सांगितलं आहे. मन अणूएवढं, ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं. मग पाहणं, ऐकणं, चव घेणं एकदमच घडल्यासारखं का वाटतं? त्यावर दृष्टांत आहे. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई आरपार केली, तर सगळ्या एकदम टोचल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात सुई एकेकीतून क्रमाने गेलेली असते.

1992 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आठवावा. पडद्यावर अक्षरं भराभर झळकतात आणि त्यांतली ठरावीक दोन ओळखायची असतात. पहिलं सापडल्यावर साधारण 200 ते 500 मिलिसेकंदांच्या आत दुसरं आलं, तर ते बहुतेक वेळा निसटतं. नजर पडद्यावरच असते, पण अवधानाची पापणी लवलेली असते. या परिणामाला नाव मिळालं ‘ॲटेन्शनल ब्लिंक’.

अणूएवढं मन मेंदूत कुणाला सापडलेलं नाही. मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत आणि अवधान हे दूरदूरच्या भागांनी मिळून केलेलं काम आहे. मन म्हणून बोट ठेवावं अशी एक जागा तिथे नाही. क्रियेला अशी जागा नसतेच. चालणं पायात कुठे असतं, असं आपण विचारत नाही.

बोलताना मात्र आपण मनाची वस्तू करून टाकतो. गोष्ट मनात येते, मनाला लागते, माणूस मनातून उतरतो. या बोलण्याची गोडी खरीच, पण त्यातून एक गैरसमज मुरतो, की मन घडलं ते घडलं. कुणाचं घट्ट, कुणाचं कमकुवत. मेंदूचा अभ्यास तसं सांगत नाही. सरावाने चेतापेशींमधले जोड बदलतात, वय वाढलं तरी बदलत राहतात.

‘अभ्यासात मन लागत नाही,’ असं मूल म्हणतं, तेव्हा त्याच्याजवळ काही कमी आहे असं समजू नये. मराठीत ‘लागणं’च्या शेजारीच ‘लावणं’ उभं आहे. जे लागत नाही ते लावता येतं, निसटलं तर पुन्हा लावता येतं. मन ही करण्याची गोष्ट आहे, हे त्याच्या धातूतच लिहिलेलं आहे.