गाणे आवडते ते कशाने?

गाण्याच्या आवडीवरून घरोघरी वाद होतात. म्हाताऱ्यांना अभंग हवा, कर्त्या माणसाला जुनी लावणी, तर पोरांना मोबाईलवरचे नवे गाणे. ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून वाद मिटवता येतो. पण आवडीला काही कारण असतेच. माझी कसोटी साधी आहे : घरातल्या बाईला ते गाणे काम करता करता आपले म्हणून गाता येईल का?

या कसोटीचे मूळ जात्यापाशी आहे. पहाटे दळताना बायका ओव्या गात. माहेर, भाऊराया, सासुरवास, विठोबा, सारे त्या ओवीत येई. कोणापाशी बोलता येत नसे ते जात्यापाशी बोलता येई. गावात पिठाची गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण मन मोकळे करण्याची ती जागाही गेली.

म्हणून मला बहिणाबाई चौधरींची गाणी सर्वांत प्रिय. खानदेशातली ही शेतकरीण शाळेत गेली नव्हती. शेतात, घरात काम करताना तिला गाणी सुचत. ती लिहून ठेवली गेली म्हणूनच तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, त्यांचे पुस्तक निघाले.

दुसरी आवड ना. धों. महानोरांची. पळसखेड्याचा हा कवी स्वतः शेती करणारा. २०२३ साली ते गेले. ‘जैत रे जैत’ (१९७७) मधली त्यांची गाणी हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केली. त्यांच्या गाण्यातले रान पाहुण्याने पाहिलेले नाही, कसणाऱ्याने पाहिलेले आहे.

लावणीला मी नाक मुरडत नाही. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) मधले आशा भोसले यांचे बुगडीचे गाणे घ्या. त्यात बाई स्वतःच आपली गंमत सांगते. त्यामुळे ऐकणारीलाही हसू येते, मान खाली घालावी लागत नाही.

आता नावड. नदीवर घागर घेऊन नाचणाऱ्या नटीची गाणी मला रुचत नाहीत. कडेवर घागर, पण तिचा भार कुठे दिसत नाही. ज्या बाईने उन्हाळ्यात मैलभर पाणी वाहिले, तिला ते खोटे वाटणारच. दुसरी नावड दुअर्थी गाण्यांची. त्यांत बाईविषयी सगळे बोलतात, तिला मात्र बोलू देत नाहीत.

‘सैराट’ (२०१६) मधल्या ‘झिंगाट’वर पोरे नाचली तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती डीजेच्या आवाजाची. गोठ्यातली जनावरे बुजतात, तान्ही मुले दचकून उठतात आणि गाण्याचा शब्द मात्र कळत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णा लावू नये, असा नियम २००० सालापासून आहे. तो पाळला तरी पुष्कळ झाले.

एक सुचवावेसे वाटते. पुढच्या लग्नात हळदीच्या वेळी तासभर कर्णा बंद ठेवा. घरातल्या जुन्या बाईला तिच्या ओव्या गायला सांगा आणि नातीने त्या वहीत उतरवून घ्याव्यात. आजी आहे तोवरच हे होईल.