मनी ट्री : तहान नव्हे, घुसमट

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात कुणीतरी भेट दिलेले मनी ट्री असते. खोड वेणीसारखे गुंफलेले. काही महिन्यांनी त्याची पाने पिवळी पडून गळू लागतात. मग घरातला प्रत्येक जण जाता-येता त्याला थोडे पाणी घालतो. अनेकदा झाड दगावते ते याच काळजीने.

बाटलीतल्या पाण्यातही वाढणारी मनी प्लांटची वेल वेगळी. मनी ट्री म्हणजे पचिरा ॲक्वाटिका. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या नदीकाठच्या दलदलीत हा वृक्ष सुमारे १८ मीटरपर्यंत वाढतो. आपली काटेसावर आणि गोरखचिंच हे त्याचे भाऊबंद. पंजासारखी पाने ही त्यांची ओळख.

मग दलदलीतले झाड कुंडीत पाण्याने का सडते? नदीकाठी भरपूर ऊन असते, पाने खूप पाणी खेचतात आणि जमिनीतले पाणी चढते-उतरते. अंधाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा वापर फारच कमी होतो आणि कुंडीतली माती दिवसेंदिवस ओली राहते. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. तो हवेच्या तुलनेत पाण्यातून सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात, मग कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. त्यामुळे माती ओली असूनही पाने मान टाकतात आणि झाड तहानलेले भासते.

म्हणून पाणी घालण्यापूर्वी बोट दोन इंच मातीत खुपसून पाहावे. ओल लागली, तर पाणी नको. माती कोरडी आणि पानांच्या कडा कुरकुरीत असतील, तर मात्र तहान खरी. तळाचे एखादे जुने पान पिवळे पडणे स्वाभाविक आहे. खोड दाबून पाहावे. ते टणक असेल, तर आशा आहे.

माती ओली आणि झाड मलूल असेल, तर ते कुंडीतून काढून मुळे पाहावीत. काळी, लिबलिबीत, वास मारणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. वेणीतले एखादे खोड मऊ पडले असेल, तर ते अलगद सोडवून काढावे, नाहीतर सड शेजारच्या खोडांत पसरू शकते. खोडे आवळणारी रबरे, तारा काढाव्यात. तळाला भोक असलेल्या, मुळांच्या मानाने बेताच्याच कुंडीत माती, कोकोपीट आणि जाडसर वाळू किंवा परलाइट घालून झाड पुन्हा लावावे. नवी पालवी येईपर्यंत खत देऊ नये. दुखावलेल्या मुळांना ते सोसत नाही.

झाड पूर्वेच्या खिडकीजवळ, एसीच्या थेट झोतापासून दूर ठेवावे. पाणी घालताना भोकातून निथळेपर्यंत घालावे आणि मग वरचा थर सुकू द्यावा. पावसाळ्यात हे अंतर आपोआप वाढते. कुंडीखालच्या बशीतले पाणी लगेच ओतून टाकावे. ते मुळांना घातक आहेच, शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. बशी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी, कारण त्याची अंडी कडेला चिकटून राहतात.

गळलेली पाने परत येत नाहीत. सुधारणा दिसायला काही आठवडे लागतात. तोवर रोज पाणी घालण्यापेक्षा रोज माती तपासणे, हीच या झाडाची खरी शुश्रूषा.